मधल्या देशांचं आकाश

पृथ्वीच्या गोलावर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो बहुतेक रशियावरून, मुख्यतः सायबेरियावरून जातो. अंतर भरतं सुमारे ७,८०० किलोमीटर. फेब्रुवारी २०२२ पर्यंत फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं साधारण याच वाटेने साडेनऊ-दहा तासांत जपान गाठत. आता तेरा तास लागतात. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने त्याची परतफेड केली. त्यामुळे विमान एक तर उत्तर ध्रुवावर चढून बेरिंग सामुद्रधुनीकडून खाली येतं, नाहीतर तुर्कस्तान, मध्य आशिया, चीन असा वळसा घेतं.

दोन विमानतळांमधलं अंतर ही भूगोलाची बाब आहे, असं आपण धरून चालतो. मला ती मधल्या देशांच्या मर्जीची बाब वाटते. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशाची संपूर्ण सत्ता देतं. चिनी कंपन्यांची विमानं आजही सायबेरियावरून युरोपला जातात. म्हणजे त्याच दोन खंडांमधलं अंतर विमानावरच्या झेंड्यानुसार बदलतं!

हे पूर्वीही घडलं आहे. सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा युरोपातून जपानला जाणारी कित्येक विमानं अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरत. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने ध्रुवावरून हेलसिंकी-टोकियो थेट उड्डाण सुरू केलं. त्यालाही तेरा तासांच्या आसपासच लागत. चाळीस वर्षांत इंजिनं किती सुधारली, पण प्रवाशाचा वेळ राजकारणाने पुन्हा तिथेच नेऊन ठेवला. १९८३ मध्येच १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. आकाशात न दिसणाऱ्या सीमेची ही किंमत होती.

फिनलंडचं नुकसान खरं आहे. युरोपातून आशियाला जाण्याची सर्वांत जवळची वाट आपल्याकडून जाते, या एका गोष्टीवर फिनएअरने आपला व्यवसाय उभा केला होता. आता इंधन जास्त, वैमानिकांचे तास जास्त, धूरही जास्त. तरीही रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या या देशाने तो भार उचलला, याचं मला मोल वाटतं. शेजाऱ्याच्या घरावर बाँब पडत असताना जवळच्या वाटेचा हट्ट धरायचा नसतो.

ज्यांच्यासाठी हे झालं, त्यांच्याकडे तर वळशाचाही पर्याय नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. कीवच्या माणसाला टोकियोच काय, हेलसिंकी गाठायचं तरी आधी रेल्वेने किंवा बसने शेजारच्या देशात जावं लागतं आणि तिथल्या विमानतळावरून त्याचं हवाई अंतर सुरू होतं.