पहाटे हात कोठें जातो?

(मननासाठीं भाग: मार्क 1:35-38)



कफर्णहूमांतील त्या सायंकाळीं सारा गांव दाराशीं लोटला होता. दुखणेकरी आले, भूतग्रस्त आले, आणि प्रभूनें रात्र पडेपर्यंत त्यांची सेवा केली. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच तो उठून एकांतीं प्रार्थनेस गेला. शिमोन व त्याचे सोबती त्याला हुडकीत आले, आणि जो तो आपणांस विचारीत आहे असें त्यांनीं कळविलें. तेवढ्यावरून प्रभु माघारा फिरला नाहीं. तो आसपासच्या गांवांची वाट चालूं लागला. हांक आली कीं ओ दिलीच पाहिजे, असा नियम त्यानें स्वतःस लावून घेतला नव्हता.

हा भाग आम्हीं मंडळीस किती वेळां समजावून सांगितला असेल! आणि आमची स्वतःची पहाट कशी उगवते? डोळे उघडण्याच्या आधीं हात उशाखालीं जातो व मोबाइल चांचपतो. रात्रींतून कोणीं काय पाठविलें, कोणाचें कोणाशीं वाजलें, हें आधीं; प्रार्थना मागाहून, आणि तीही वेळ उरला तर.

मोबाइलची निंदा करावयास आम्हीं बसलों नाहीं. ऑगस्ट 2019 च्या महापुरांत आपल्या शिरोळ तालुक्यांतील गांवें पाण्यानें वेढलीं, तेव्हां कित्येकांस नातलगांची खुशाली त्याच्यावरच कळली. मार्च 2020 मध्यें टाळेबंदीनें उपासनामंदिरांचीं दारें लागलीं, तेव्हां विखुरलेली मंडळी त्याच यंत्रानें एकत्र आली. खेडोपाडीं फिरणाऱ्या उपदेशक बंधूंच्या खिशांत आज पवित्र शास्त्र व गीतें त्यांतच असतात. पिशवीचें ओझें हलकें झालें, याचा खेद कोणाला? परंतु ज्या पडद्यावर स्तोत्र उघडावें, त्याच पडद्यावर दुसऱ्या ओळीशीं वरून एखादी चिठ्ठी टपकते. हा अपघात नव्हे. योजनाच तशी आहे. यांतील पुष्कळ सोयी फुकट दिसतात, पण त्यांचा खर्च जाहिरातींवर निघतो, आणि आपले डोळे जितका वेळ खिळून राहतील तितक्या जाहिराती अधिक दिसतात. प्रभूला हुडकणारे निदान गरजू तरी होते!

शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचे वडगांव म्हणून गांव आहे. टाळेबंदींत शाळेचे वर्ग मोबाइलवर भरले. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातांतून तो सुटेना. तेव्हां 2022 सालीं गांवानें ठरविलें कीं, सायंकाळीं सातला देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे साडेआठपर्यंत घरोघर मोबाइल व टीव्ही बंद. आरंभीं दारोदार जाऊन सांगावें लागलें. त्या गांवाचें आम्हांस कौतुक वाटतें, थोडा हेवाही वाटतो. शाहू महाराजांनीं आपल्या वडिलांच्या नांवें वसविलेल्या आमच्या जयसिंगपुरांत आगगाडीची शिटी ऐकूं येते, असा भोंगा मात्र नाहीं. आणि असता तरी पहाटेच्या अंथरुणांत आमचा हात धरावयास कोण येणार होतें?

आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. सांगतांना लाज वाटते. गेल्या पावसाळ्यांत मंडळींतील एका वृद्ध विधवा बहिणीकडे भेटीस गेलों होतों. इकडचें तिकडचें झाल्यावर ती आपल्या दुरावलेल्या मुलाविषयीं बोलूं लागली. तो विषय तिनें कित्येक वर्षांत काढला नव्हता. तोंच खिशांत मोबाइल थरथरला. आम्हीं तो काढून पाहिला. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर एक फुलाचें चित्र! मान वर केली, तों ती पदरानें डोळे टिपून उठलेली. "तुमचं काम चालू द्या, पाळकसाहेब, मी चहा टाकते," एवढेंच म्हणाली.

तेव्हांपासून रात्रीं मोबाइल स्वयंपाकघरांतील फळीवर ठेवितों, आणि जुनें गजराचें घड्याळ पुन्हां बाहेर काढिलें आहे. पहाटे हात अजून उशाखालीं जातो. रिकामा परत येतो, आणि त्या रिकाम्या हातांनीं प्रार्थनेस बसणें आतांशा थोडें जमूं लागलें आहे. भेटीस जातांनाही तो घरींच ठेवितों. त्या बहिणीकडे मागाहून तीन वेळां गेलों. ती प्रेमानें बसविते, चहा देते, उसाच्या दराचें बोलते. मुलाचें नांव मात्र तिनें पुन्हां काढलें नाहीं. येत्या गुरुवारीं परत जाणार आहों.