परिचित वाट आणि तिचे ऋण

नवे काही सुचावयाचे तर नवा मुलूख पाहावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. बेळगावच्या वडगावातून येळ्ळूरकडे जाणारा रस्ता आम्ही कित्येक वर्षे तुडवीत आहो. दोहों बाजूंस भाताचे शिवार, समोर राजहंसगड. नवीन असे काहीच नाही. तरीही जे चार शब्द आमच्या हातून बरे उतरले, ते बहुधा याच वाटेवर सुचले. परक्या प्रदेशात डोळे दिपतात. ओळखीच्या वाटेवर मात्र कालच्याहून आज काय निराळे, एवढेच टिपावयाचे असते. भात निघाल्यावर त्याच रानात मसुराचा पहिला कोंब दिसतो, तो नित्याच्या माणसासच.

परंतु सुचले ते सर्वस्वी आपलेच काय, हा प्रश्न आम्हांस फार उशिरा पडला. एका भाद्रपदात हिरव्या शिवारावर चढलेली पिवळसर झाक पाहून आम्ही तिच्यावर कविता रचली. उत्सवाच्या अंकास ती देण्याचे कबूलही केले होते. दुसऱ्या दिवशी बांधावरच्या वृद्ध शेतकऱ्यास ती झाक आम्ही मोठ्या कौतुकाने दाखविली. तो म्हणाला, “गुरुजी, ते पिकणं न्हवं. करपा पडलाय.” आणि पानाची वाळलेली कड त्याने आमच्या हाती दिली. इतक्या वर्षांत आम्ही त्याचे नावही विचारले नव्हते!

इंग्रज कवी वर्डस्वर्थ याचेही पुष्कळ काव्य परिचित वाटांवर चालता चालता घडले. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी त्याने डॅफोडिल फुले पाहिली, तेव्हा बहीण डोरोथी त्याच्यासोबत होती. तिने रोजनिशीत त्या फुलांचे बारकाईने वर्णन लिहून ठेविले. १८०७ साली छापलेल्या कवितेत मात्र कवी एकटाच भटकतो आहे. यास आम्ही लबाडी म्हणणार नाही. सोबतीतही मन एकटे असू शकते. शिवाय त्या कवितेतील दोन ओळी आपली पत्नी मेरी हिच्या आहेत, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. बहिणीच्या डोळ्यांचे ऋण मात्र कवितेत कोठे उमटले नाही, हे आम्हांस खटकते.

आमचे अज्ञान तर याहून मोठे. दुसऱ्याच्या तोंडचा घास करपत असता त्यास सोने म्हणावे, आणि शब्द सुंदर म्हणून ते खपवावे काय? ती कविता आम्ही अंकास दिली नाही. दुसरी अद्याप जमलेली नाही. फिरणे चालूच आहे. बांधावर थोडे थांबणे होते, आणि बोलणे बहुधा पावसाचे निघते.