न विचारलेली गळती

वय झाले, आता कीर्तनाला उभे राहवत नाही. तरी शंका घेऊन माणसे ओट्यावर येतात. मागे एकदा गळ्यात तुळशीमाळ असलेला एक जागेचा दलाल आला. म्हणाला, "महाराज, एक जुना फ्लॅट विकायचा आहे. पावसाळ्यात स्लॅब गळतो. मालकाने डाग खरवडून रंग मारला. गिऱ्हाइकाने विचारले, घर कसे आहे? मी म्हटले, चांगले आहे. गळतीचे त्याने विचारले नाही, मी बोललो नाही. मी खोटे बोललो का?"

धर्मराजाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, म्हणजे शब्द खरे होते. पण द्रोणाचार्यांनी पुत्र गेला असे समजावे, हा हेतू खोटा होता. म्हणून भूमीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला. ऐकणाऱ्याच्या मनात आपण काय उभे करतो, त्याचाही हिशेब होतो.

मग दलालाने सर्वज्ञ असावे काय? नाही. भिंतीच्या आतले त्याला कसे कळणार? ठाऊक नसेल तेथे "मालक असे सांगतात, मी पाहिलेले नाही, जाणकाराकडून तपासून घ्या" एवढे म्हटले की तो मोकळा. मात्र मालकाचा शब्द "मी सांगतो ना" म्हणून पुढे केला, की तो आपला शब्द झाला. आणि ठाऊक असलेला दोष लपवला, तर "त्याने विचारले नाही" ही सबब पांडुरंगापुढे चालत नाही.

कायदाही फार वेगळे सांगत नाही. घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ म्हणते. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि खोट्या विधानांना, तोंडी असोत वा लेखी, मनाई केली. पण कायदा पुरावा मागतो. माळेला पुरावा लागत नाही.

मी त्याला म्हटले, "माउली, इसार घेण्याआधी सांगून टाक." त्याने सांगितले. व्यवहार मोडला, दलाली बुडाली, मालक रागावला. घरात मुलीच्या फीची अडचण होती, हेही मला ठाऊक होते. म्हणून त्याला उपदेश करताना माझी जीभ जड झाली होती.

आषाढीला तो दिंडीत भेटला. पाया पडला, काही बोलला नाही. टाळ घेऊन चालू लागला.