मान कोठे लववावी?

मनुष्य जिभेने बोलतो त्याहून अधिक शरीराने बोलतो. उंबऱ्याशी काढलेली पायताणे, गुडघ्यांवर टेकलेला देह, कपाळाकडे गेलेला उजवा हात, या साऱ्या खुणा शब्दांआधी आपला विश्वास सांगून टाकतात. परंतु मनात तो विश्वास नसताना शरीराने त्याची खूण केली तर ती खूण असत्य ठरते, की केवळ पोकळ? आणि पोकळ असेल तर तिच्यात दोष तो कोणता?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला वाटेल. तसा तो राहिलेला नाही. आपल्याकडील तरुण प्रवासी जहाजांवर नोकरी करीत आले आहेत. आता त्यांचे आईवडीलही अशाच जहाजांतून सहलीला जाऊ लागले आहेत. जपानची सहल म्हटली की बंदरामागून बंदर आणि देवळामागून देऊळ. जहाज सकाळी धक्क्याला लागते, सायंकाळी सुटते. मधल्या आठ-दहा तासांत वाटाड्या प्रवाशांना एखाद्या शिंतो देवळात नेतो आणि रीत शिकवितो : आधी डावा हात धुवावा, मग उजवा, मग चूळ भरावी, पेटीत नाणे टाकावे, दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी, पुन्हा एकदा वाकावे. सारा जथा हसत-खिदळत तसे करतो, छायाचित्रे निघतात. आम्ही अशाच एका जथ्यात होतो, तेव्हा बरोबरच्या भगिनीने हळूच विचारले, “फादर, आपण केले तर चालेल का?”

देऊळ म्हणजे सहलीची शोभा नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे लागते. शिकोकू बेटावर कोतोहिरा येथे खलाशांचे रक्षण करणारे प्रसिद्ध दैवत आहे. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या चढाव्या लागतात. लोक त्याला ‘कोम्पिरा’ म्हणतात. हे नाव संस्कृत ‘कुंभीर’, म्हणजे मगर, या शब्दावरून गेलेले. गंगेतली मगर बौद्ध धर्माबरोबर समुद्र ओलांडून जपानी नावाड्यांची पाठराखीण व्हावी, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटले. तेथील मंडपात दर्यावर्दींनी वाहिलेली जहाजांची चित्रे टांगलेली आहेत. ज्यांची माणसे समुद्रावर आहेत त्यांच्या काळजीची ती चित्रे. आपल्या कोळीवाड्यांतील आयांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत.

पण खरी कसोटी नागासाकीला लागते. मात्सुगाए धक्क्यावर उतरले की ओउराचे चर्च चालत जाण्याइतके जवळ. शहरात दुसरीकडे, लांबलचक दगडी पायऱ्यांवर सुवा देऊळ. रेल्वे स्थानकाजवळ निशिझाका टेकडी. या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले : सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्या सहांमध्ये आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते, जपानी भाषा अस्खलित बोलणारे, म्हणून राजदरबारी दुभाष्याचे काम करणारे. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. योशितोमो नव्हे, तर हिदेयोशीच्या आज्ञेने हे घडले, एवढे सांगून इतिहास येथेच थांबवू. तो आपल्या मुलांनाही पाठ असतो.

त्याच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. १६१४ साली ख्रिस्ती श्रद्धेवर देशभर बंदी आली. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मठात नाव नोंदवावे लागे. सुवा देऊळ याच काळात अधिकाऱ्यांच्या पाठबळाने उभे राहिले. त्याचा ‘कुंची’ उत्सव १६३४ पासून चालत आला आहे आणि आजही ७ ते ९ ऑक्टोबरला होतो. म्हणजे एके काळी त्या पायऱ्या चढणे ही नागासाकीकरांची निव्वळ हौस नव्हती. आपण ख्रिस्ती नाही हे दाखविण्याचाही तो मार्ग होता. शिवाय ‘फुमी-ए’ होतेच. प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि माणसांना तिच्यावर पाय ठेवावयास लावीत. १६२९च्या सुमारास सुरू झालेली ही रीत दोनशेहून अधिक वर्षे टिकली. अधिकाऱ्यांना मन तपासावयाचे नव्हते. त्यांना पाऊल पुरेसे होते.

पुष्कळांनी पाय ठेवला. शुसाकु एंदो यांची १९६६ची ‘चिन्मोकु’ ही कादंबरी याच पावलाभोवती फिरते. पाय ठेवणाऱ्यांनी ‘मनात नव्हते, म्हणून काही घडले नाही’ असे स्वतःला समजाविले काय? नाही. ते घरी येऊन ‘कोंचिरिसान’, म्हणजे परिपूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना, म्हणत. धर्मगुरू नव्हते, प्रायश्चित्त संस्कार नव्हता. पश्चात्ताप तेवढा उरला होता. मनाने नाकारलेली शरीराची कृती देखील आपलीच कृती आहे, तिचा हिशेब द्यावा लागतो, हे त्या निरक्षर कोळ्या-कुणब्यांना ठाऊक होते. आम्ही सेमिनरीत ग्रंथ पालथे घालून जे शिकलो, ते त्यांना एका पावलाने शिकविले.

पवित्र शास्त्र या बाबतीत एकच सूर लावीत नाही, आणि ते बरेच आहे. अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशाला विचारतो : माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, परमेश्वर क्षमा करील ना? संदेष्टा त्याला शांतीने जा म्हणतो. याउलट मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील नव्वद वर्षांचा एलाजार. निषिद्ध मांस खाल्ल्याचे नुसते सोंग कर, असे मित्र सुचवितात. तो मरण पत्करतो, कारण पाहणारी तरुण मुले फसतील. संत पौलही मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल बोलताना नेमके तेथेच बोट ठेवतो : तुला ज्ञान आहे, पण तुझ्याकडे पाहणाऱ्या दुबळ्या भावाचे काय? तेव्हा खुणेचा अर्थ करणाऱ्याच्या मनात जितका असतो तितकाच पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही असतो.

कोणी १९३६ सालचा दाखला देतील. त्याआधी चार वर्षे तोक्योतील सोफिया विद्यापीठाच्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी देवळापुढे वाकण्यास नकार दिला आणि मोठे वादळ उठले. हे वंदन देशभक्तीचे व राजनिष्ठेचे आहे, असा खुलासा सरकारने केला आणि पुढे रोमने कॅथलिकांना नागरी कर्तव्य म्हणून त्यात सहभागी होण्याची मुभा दिली. मुभा खरीच. पण ती लष्करशाहीच्या सावलीत दिली गेली हे विसरता येत नाही. शिवाय डिसेंबर १९४५ मध्ये देवळे राज्यसत्तेपासून वेगळी झाली. आज सहलीला गेलेल्या वसईकरावर कोणतेही नागरी कर्तव्य नाही. तो नामानही नाही. त्याच्या हातावर कोणी राजा रेललेला नसतो.

मग त्याने काय करावे? आम्ही उलट बाजूने विचार करून पाहिला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपुढे सर्व धर्मांचे लोक येतात. १५४९ साली कागोशिमाला उतरून जपानमध्ये सुवार्ता नेणारे तेच हे संत. तेथे आलेला पाहुणा शांत उभा राहिला, त्याने टोपी काढली, तर आपल्याला समाधान वाटते. पण तोच पाहुणा गंमत म्हणून मिस्साबलीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या रांगेत उभा राहिला तर? मनात वैर नाही, कुतूहल आहे, तरी आपण त्याला हळुवारपणे बाजूला घेऊ. जे आपले आहे त्याचा मान राखा, पण जे तुम्ही मानीत नाही ते करून दाखवू नका, एवढीच आपली अपेक्षा असते.

तेच माप आम्ही त्या भगिनीच्या हाती दिले. तोरीच्या कमानीखालून मधोमध न जाता कडेने चालावे, कारण मधला मार्ग देवतेचा मानतात. आवाज खाली असावा. प्रार्थना करणाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये. यजमानापुढे मान लववावी, ती माणसाला दिलेली मानवंदना आहे. पण नाणे आणि टाळी नको. ती शिंतो भाविकाची प्रार्थना आहे. ती आपण खेळ म्हणून केली तर आपला विश्वास डळमळेल की नाही ठाऊक नाही, त्याची प्रार्थना मात्र हलकी होते. त्या भगिनीला हे पटले. तिच्या यजमानांना पटले नाही. एवढे ताणू नये, असे ते म्हणाले, आणि त्यांच्याशी आमचा जेवणाच्या टेबलावरचा वाद पुढील दोन बंदरे चालला.

त्यांनी अखेरीस एक पेच टाकला, त्यातून आम्ही अद्याप सुटलेलो नाही. नागासाकीच्या सोतोमे भागात, कुरोसाकीच्या रानात, कारेमात्सु नावाचे देऊळ आहे. दिसावयास शिंतो, पण तेथे पूज्य मानलेला ‘सान जिवान’ हा एक परदेशी धर्मगुरू. बंदीच्या काळात लपलेले ख्रिस्ती तेथे जमून प्रार्थना म्हणत. आता वर्षातून एकदा कॅथलिक, त्या जुन्या गुप्त परंपरेतले लोक आणि बौद्ध असे तिघे मिळून तेथे सण साजरा करतात. “तेथे टाळी वाजवायची की नाही, फादर?” त्यांनी विचारले. जहाज सायंकाळी सुटणार होते, आणि कुरोसाकीला जाऊन परत येण्याएवढा वेळ हाती नव्हता.