टाकी तपकिरी झाली की

चि. सायली हिस,


तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. रंग सुरेख आहे, छताचं कापड शाबूत आहे. माझं लक्ष अडकलं ते बोनेटखालच्या फोटोत. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी नीट बघ. नवी असताना ती काळी कुळकुळीत असते. तुझ्या गाडीची मळकट तपकिरी झाली आहे आणि प्लास्टिक जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीत दाबून बसवलेलं असतं, त्या कडेला पांढरट-हिरवी खपली धरली आहे. ती खपली म्हणजे झिरपून वाळलेलं कूलंट. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं, रंग पालटणं ही त्याचीच खूण. तुझ्या माझदा मियाटासारख्या, 1989 ते 1997 या काळात बनलेल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. आज झिरपतेय म्हणून ती नुसती झिरपतच राहील असं समजू नकोस. एखाद्या दिवशी हायवेवर टाकी चिरते आणि बघता बघता सगळं पाणी रस्त्यावर जातं.

रेडिएटर बदलण्याचा आग्रह मी धरतोय तो इंजिनासाठी. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचं. पाणी गेल्यावर थोडंसं अंतर जरी गाडी चालली, तरी हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि काम इंजिन उघडण्यापर्यंत येतं. काट्यावर विसंबू नकोस. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणीच उरलं नाही तर नेमक्या त्याच वेळी काटा खाली आलेला दिसू शकतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

हे काम तुला जमेल. तुझी गाडी मॅन्युअल आहे हे बरं झालं. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाच्या नळ्याही रेडिएटरला जोडलेल्या असतात. रोज ऑफिसला नेण्यासाठी मूळ मापाचा साधा रेडिएटर पुरतो. जाड ॲल्युमिनियमचा घ्यावा तो गाडी ट्रॅकवर पळवणाऱ्यांनी. त्यापेक्षा वाचलेले पैसे वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट, त्याचं गॅस्केट आणि नवं झाकण यांवर घाल. नवा रेडिएटर आला की जुन्याशेजारी उभा करून तोंडं, खालच्या खुंट्या आणि पंख्याची भोकं जुळतात का ते बघ. जुळल्याशिवाय जुना टाकायचा नाही.

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि उकळतं पाणी थेट हातावर, तोंडावर येतं. काम सकाळीच काढ, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तिची काळी वायर आधी सोडव, म्हणजे हात आत असताना पंखा फिरायला लागणार नाही. गाडी उचललीस तर स्टँडवर टेकव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस.

खालचं प्लास्टिकचं कव्हर काढ, पसरट पातेलं लाव आणि तळाची तोटी सोड. साधारण सहा लिटर पाणी गाडीत मावतं, पण त्यातलं काही इंजिनातच राहतं. होज ओढून निघत नाहीत. क्लिप मागे सरकवून होज आधी गोल फिरवायचा, जागचा सुटला की मग ओढायचा. तरीही नाही सुटला तर ब्लेडने उभा चिरून टाक, नवा आणलेलाच आहे. इंजिनाकडच्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर खुपसू नकोस. ते ॲल्युमिनियमचं आहे आणि तिथे ओरखडा पडला की नवा होजही गळतो. पंख्यांचे प्लग सुटे केले, वरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट काढले की रेडिएटर पंख्यांसकट सरळ वर येतो. समोरच्या एसीच्या कंडेन्सरला धक्का लावू नकोस, त्याची पाती नखानेही वाकतात. खालची रबरं जुन्या जागी चिकटून राहिली असतील, ती शोधून परत बसव. बोल्ट हाताने लाव, शेवटचा पीळ तेवढा पान्याने.

यापुढचं काम घाईने बिघडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घे; हे मिश्रण उणे 35 अंशांच्याही खालपर्यंत गोठत नाही, मिशिगनच्या थंडीला ते हवंच. नळाचं पाणी नको, आत क्षार धरतात. गाडीचं नाक उंच ठेव, हीटर पूर्ण गरमवर ठेव आणि झाकण उघडं ठेवून सावकाश भर. बॅटरी जोडून इंजिन आयडलवर चालू दे. वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, पुन्हा भर. मग थर्मोस्टॅट उघडतो आणि खालचाही होज हाताला गरम लागतो. पंखा स्वतःहून सुरू झाला आणि हीटरमधून चांगली गरम हवा आली, की समजावं आतली हवा निघाली. हीटर गार वारा फेकत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पुन्हा पातळी बघ.

निघालेलं कूलंट गटारात किंवा हिरवळीवर ओतू नकोस. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पातेलं उघडं ठेवून आत जेवायलासुद्धा जाऊ नकोस. बूच घट्ट बसणाऱ्या डब्यात भरून वर नाव लिही आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर दे.

येत्या रविवारी काम काढणार असशील तर होज आणि थर्मोस्टॅट आजच मागव. तोपर्यंत गाडी हलवू नकोस, ऑफिसला बसने जा. भरणी सुरू करण्याआधी मला व्हिडिओ कॉल लाव, मी दिवसभर घरीच आहे.

तुझा,
मामा