डबा संपण्याची वेळ

रात्री बाराच्या सुमाराला पाऊस उतरला आणि कंबर तलावाच्या बाजूने बेडकांनी जो सूर लावला, तो पहाटेपर्यंत. झोप मोडली तरी सोलापूरकराला या आवाजाची तक्रार करवत नाही. निम्मं वर्ष पावसाची वाट बघण्यात गेलेलं असतं.

पहाटे उठायचंच होतं. भाचा पुण्याला निघाला होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हुतात्मा एक्स्प्रेसला त्याला बसवलं. बॅगेत कपडे बेताचेच. बाकी कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीचा घट्ट झाकणाचा डबा. ताईने रात्री जागून चटणी कुटली होती. "महिनाभर बघायला नको," असं ती तीनदा म्हणाली. मी गप्प. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं, की डबा किती दिवस पुरणार हे डब्याच्या आकारावर कधीच ठरत नाही.

परतताना रस्त्याकडेच्या डबक्यात बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले. बेडकांची अंडी. रात्रीचा गोंधळ या कामासाठी होता तर.

बेडकाच्या अंड्यात पहिल्या काही तासांत जे घडतं, त्याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तो झेनोपस या आफ्रिकी बेडकावर. (हा प्राणी जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला तोही एका आईपणाच्याच कामासाठी. १९३०च्या दशकापासून गर्भनिदानासाठी बाईची लघवी या बेडकीला टोचत. बाई गरोदर असेल तर बेडकी काही तासांत अंडी घाली.) त्याचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं. फलनानंतर सुमारे दीड तासाने त्याला पहिली चीर पडते, मग साधारण दर अर्ध्या तासाला एक. गर्भ वाढत नाही, नुसता चिरला जातो. भाकरी तेवढीच. अर्धी, चतकोर, नितकोर... इथे आपले शब्द संपतात, पण अंडं थांबत नाही. बारा फेऱ्यांत चार हजार शहाण्णव तुकडे, साधारण सात तासांत.

एवढ्या धावपळीत गर्भाची स्वतःची जनुकं जवळजवळ मुकी असतात. आईकडून आणि बापाकडून आलेला डीएनए प्रत्येक फेरीला इमानेइतबारे नकलला जातो, पण वाचला जात नाही. सगळं काम चालतं ते आईने अंडं घडवताना भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि आरएनएच्या रूपातल्या निरोपांवर. १९५१ साली रॉबर्ट ब्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यांतली गुणसूत्रं निकामी करून पाहिली. अशी अंडीही चिरत गेली, पेशींचा गोळा झाला आणि तिथे अडकली. विषारी अळंबीतल्या अमॅनिटिनने जनुकांचं वाचन बंद पाडलं तरी तेच होतं. गोळ्यापर्यंतचा प्रवास आईच्या खर्चाने. त्यापुढे घडी पडायची, आत-बाहेर ठरायचं, पाठ-पोट व्हायचं, तर स्वतःचं काहीतरी लागतं.

आईची पुंजी केवढी असते, हे १९६४ साली डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी दाखवलं. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं पेशीतलं यंत्र, स्वतः तयार करूच न शकणारे गर्भ त्यांनी अभ्यासले. ते आधीच मरायला हवे होते. पण पोहणारे बेडूकमासे होईपर्यंत ते जगले, निव्वळ आईने दिलेल्या रायबोसोमवर. इतकी दूरवरची शिदोरी बांधून दिलेली असते हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

मग स्वतःची जनुकं जागी होतात ती कधी? आपण म्हणू, घड्याळ असणार. सात तास झाले की उठ. किंवा फेऱ्या मोजत असतील. १९८२ साली जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी हे दोन्ही तपासलं, आणि दोन्ही चुकीचं निघालं. गर्भ तास मोजत नाही, फेऱ्याही मोजत नाही. महत्त्वाचं असतं ते डीएनए आणि त्याच्या भोवतीचा पेशीद्रव यांचं प्रमाण. द्रव तेवढाच राहतो, डीएनए दर फेरीला दुप्पट होतो. एका मर्यादेला प्रमाण पोचलं की जनुकं बोलू लागतात. बाराव्या फेरीअखेर जेवढा डीएनए असतो, तेवढा त्यांनी बाहेरूनच टोचला, तर जनुकवाचन वेळेआधी सुरू झालं. उलट, गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या गर्भाला एक फेरी जास्त लागते. तोंडं निम्मी, म्हणून डबा थोडा जास्त पुरतो.

इथे मला माझी पुण्यातली खोली आठवली. पण शिदोरीची उपमा इथे अर्धीच लागू पडते, आणि उरलेला अर्धा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. गर्भ गप्प असतो तो केवळ गरज नाही म्हणून नव्हे. आईने दिलेल्या साठ्यातच त्याला गप्प ठेवणारी वस्तू असते. हिस्टोन नावाची प्रथिनं, ज्यांच्यावर डीएनए गुंडाळला जातो, आईने अंड्यात भरमसाट भरलेली असतात. ती सगळीकडे बसून जनुकं झाकून टाकतात. डीएनए वाढत जातो तसं हिस्टोन वाटलं जातं, विरळ होतं, आणि झाकण सैल पडतं. स्टॅनफर्डमध्ये अमांडा अमोडिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हे अंड्याच्या अर्कावर दाखवलं. काही संशोधक डीएनएची नक्कल करणाऱ्या घटकांची टंचाईही यात धरतात. कारण एकच नसावं. पण जी आई पोसते तिच्याच मायेची दाटी आवाज दाबून ठेवते, हे वाक्य मला विज्ञानाच्या पुस्तकात भेटेल असं वाटलं नव्हतं.

आवाज फुटतो तोही एकदम नाही. मी आधी समजत होतो, गिरणीच्या भोंग्यासारखं काहीतरी असेल. खरं तर भोंग्याची शिस्त आधीच्या फेऱ्यांत असते, सगळ्या पेशी एका ठोक्यावर चिरतात. नंतर ती मोडते. वेग मंदावतो, प्रत्येक पेशी आपल्या चालीने चालू लागते, जागा सोडून सरकू लागते. वरच्या बाजूच्या लहान पेशी आधी बोलतात, खालच्या बलकाने जड झालेल्या मोठ्या पेशी मागून. काही थोडी जनुकं तर बाराव्या फेरीच्याही आधी कुजबुजलेली असतात. त्या पहिल्या कुजबुजीत एक अगदी तोकडा आरएनए आहे, मिर-४२७. त्याचं काम आईचे निरोप शोधून ते पुसून टाकायला लावणं. लेकराच्या पहिल्या काही शब्दांतला एक हा! कृतघ्नपणा म्हणावा तर तसं केलं नाही तर पुढचं शरीर नीट घडत नाही.

ही विद्या आपल्यापासून फार लांबची नाही. एडिंबरोला गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात प्रायोगिक गर्भविज्ञान रुजवलं. त्यांचं नाव कोंबडीच्या गर्भाशी जास्त जोडलेलं, पण मायक्रोहायला ऑर्नाटा या आपल्या पावसाळी डबक्यातल्या चिमुकल्या बेडकाच्या गर्भांवरही तिथे काम झालं. त्यासाठी आफ्रिकेहून काही मागवावं लागलं नाही. पाऊस पडला की झालं.

दुपारी पुन्हा त्या डबक्यापाशी गेलो. रात्री एकला अंडी घातली असतील असं धरलं, तर झेनोपसच्या हिशेबाने आठच्या सुमाराला, म्हणजे गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेल्यावर, आवाज फुटायला हवा. पण हा हिशेब वीस-बावीस अंशांच्या पाण्याचा आणि परक्या बेडकाचा. इथलं पाणी कोमट, बेडूकही वेगळे. ठिपके होते तसेच दिसत होते. ऊन मात्र चढलं होतं आणि डबक्याचा काठ बोटभर आत सरकला होता.

रात्री भाच्याचा फोन आला. पोचला, खोली मिळाली, पंखा आवाज करतो, डबा उघडला. चटणी कशी झाली विचारलं, तर म्हणाला, "संपत आली की, मामा. चौघं आहोत खोलीत."

ताई शेजारीच बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं, की पोरगा पोटभर जेवला.