सही आपली, जीव कोणाचा?

धगधगता ज्वालामुखी जवळून दाखवणाऱ्या सहली आता आपल्या मंडळींच्या गप्पांतही येऊ लागल्या आहेत. इटलीचा स्ट्रॉम्बोली, हवाईचा किलाउएआ, आइसलँडमधले उद्रेक. सोबत गाइड, डोक्यावर हेल्मेट आणि निघण्यापूर्वी एका फॉर्मवर सही: काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी माझी. आमच्या मित्रमंडळात असाच एक बेत शिजतो आहे. माझ्या सतरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न सरळ आहे: "बाबा, जीव माझा, मग निर्णय माझा का नाही?"

आपण सह्याद्रीची माणसे. ज्या काळ्या कातळावर आपले किल्ले उभे आहेत, ज्यात वेरूळची लेणी कोरली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच. तोच दगड वितळलेला पाहावासा वाटण्यात मला काही गैर दिसत नाही. आणि धोका म्हणाल तर दोन सुटकेसी घेऊन परक्या देशात आलो, तेव्हा आपणही तो पत्करलाच होता.

पण माझ्या व्यवसायाने मला एक सवय लावली आहे. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जोखमींची एक यादी असते. तिच्यावर सही करणारा साहेब वेगळा आणि रात्री दोन वाजता फोन वाजल्यावर उठणारा वेगळा. त्यामुळे सही दिसली की मी आधी विचारतो, झळ कोणाला लागणार?

जपानच्या उनझेन ज्वालामुखीने ३ जून १९९१ रोजी ४३ बळी घेतले. त्यांत मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्य होते. धोका काय आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. पण त्याच यादीत पत्रकारांना घेऊन आलेले टॅक्सीचालक होते, गावचे अग्निशमन स्वयंसेवकही होते. टॅक्सीवाल्याला ज्वालामुखी पाहायचा नव्हता, तो आपले काम करत होता.

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी स्फोट झाला तेव्हा तिथे ४७ जण होते. त्यांपैकी २२ जण दगावले, त्यांत दोन गाइड. जखमींना आणायला खासगी हेलिकॉप्टरचे वैमानिक त्या बेटावर उतरले. पर्यटकांच्या फॉर्मवर त्यांची सही कुठे होती?

मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग समुद्रात पोहायचेही नाही का? लाइफगार्डही येतोच की." मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्याला तोशीस न देता जगणे कोणालाच जमत नाही. फरक एवढाच, की लाइफगार्डचे कौशल्य लाटेपुढे बऱ्याचदा चालते. ज्वालामुखीच्या तोंडाशी कोणाचेच कौशल्य चालत नाही, तिथे येणारा केवळ माणुसकीने येतो. त्याची माणुसकी आपण गृहीत धरावी का?

कोणी म्हणेल, गाइडचे पोट त्यावरच चालते. तुम्ही गेला नाहीत तर त्याची चूल कशी पेटेल? तेही खरे. म्हणून सरसकट बंदी हे माझे उत्तर नाही. पण पोटासाठी पत्करलेला धोका आणि हौसेसाठी पत्करलेला धोका एका तराजूत घालता येत नाही. गाइडच्या अनुभवाचे आपण पैसे मोजतो. पण "आज पुढे नको" असे म्हटल्यावर त्याचीच कमाई बुडणार असेल, तर तो अनुभव आपल्या काय कामाचा?

बेत अजून पक्का नाही. मी मंडळींना सुचवले आहे, की सहलीच्या दराबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: ऐनवेळी सहल रद्द झाली तर गाइडला त्या दिवसाचे पैसे मिळतात का? उत्तर "हो" आले तर त्याने आखलेल्या रेषेपर्यंत मी मुलीला घेऊन आनंदाने जाईन. "नाही" आले, तर हवाईच्या नॅशनल पार्कमध्ये किलाउएआच्या कड्यावर उभे राहून, जे दिसेल ते लांबूनच पाहू. मुलगी थोडे दिवस रुसेल, पण तिला कारण ठाऊक असेल.